अनोळखी देवापुढचं गाऱ्हाणं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. करी रोडला आमची इमारत बावीस मजल्यांची आहे, आम्ही सतराव्यावर राहतो, आणि लिफ्टमधला दिवा एकदा जरी फडफडला तरी मी पुढच्या मजल्यावर उतरून जिना धरते. कुलूप लावून खाली आल्यावर गॅस बंद केला का, हे बघायला पुन्हा वर जाते. सिग्नल आपला असला तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघते, आणि मग परत एकदा बघते. आई मला भागूबाई म्हणते. मी पंचेचाळिशी गाठली, बँकेच्या दादर शाखेत अधिकारी झाले, तरी त्या हाकेत काही फरक पडलेला नाही.

आई स्वतः कशाला घाबरते हे मात्र मला कधी दिसलं नव्हतं. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. वडील दोन महिने भिंतीकडे बघत बसले आणि आईने तिसऱ्याच दिवशी पोळीभाजीचे डबे सुरू केले. चाळीतल्या मीटरच्या पेटीने एकदा पेट घेतला तेव्हा सगळे खाली धावले आणि आई वर गेली, कारण वरच्या मजल्यावरची म्हातारी खोलीत एकटी होती. सहा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा रडून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो भेटायला आलेल्या माणसांच्या चहाचा. घाबरायचं काम माझं आणि निस्तरायचं काम तिचं, अशी आमच्या घरात पहिल्यापासून वाटणी होती. मी लग्न केलं नाही म्हणून ही वाटणी तशीच पुढे चालू राहिली.

तिला एकदा विमानात बसवायचं, परदेश दाखवायचा, ही हौस माझी. तिला विचाराल तर ती म्हणाली असती, गावाक ने. पण एका मराठी टूरवाल्यांचं पत्रक आलं, बँकॉक पाच दिवस, जेवण आपलं. त्यात तिसऱ्या दिवसापुढे 'मंदिर दर्शन' असं छापलं होतं. ते वाचून आई चष्मा काढत म्हणाली, "देव आसत मां थय? मगे जाऊया." दिवाळी झाली की निघायचं ठरलं.

निघायच्या आधीचे पंधरा दिवस मी नीट झोपले नाही. विमान पडेल, पासपोर्ट जाईल, आईची बीपीची गोळी तिकडे मिळणार नाही, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आई हरवेल. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी येतं ते भाजीवाल्यापुरतं. मी हॉटेलचं नाव लिहिलेलं कार्ड दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातलं.

"माका काय कुत्र्यासारखो पट्टो घालतस?" ती म्हणाली. पण काढलं नाही. माझ्यासाठी ठेवलं.

तर तो तिसरा दिवस. आमच्या बसमध्ये तीसेक माणसं, सगळी मराठी. म्होरक्या म्हणून पुण्याच्या एक बाई होत्या. त्या पिवळी छत्री उंच धरून पुढे चालायच्या आणि आम्ही छत्रीमागे. आईने त्या दिवशी पिस्ता रंगाचा पंजाबी ड्रेस घातला होता. त्या वर्षीच तिने साडी सोडून ड्रेस घालायला सुरुवात केली होती, आणि उशिरा का होईना आई बदलली म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. ओढणी मात्र तिला सांभाळता येत नव्हती. ती सारखी खांद्यावरून घसरायची आणि आई तिला पदरासारखी कमरेत खोचू बघायची.

पहिल्या देवळात सोन्याचा बुद्ध होता. अख्खा सोन्याचा, बैठा, शांत. बाईंनी गोष्ट सांगितली. शत्रू सोनं लुटून नेईल म्हणून जुन्या लोकांनी मूर्तीवर चुन्याचा जाड लेप दिला होता. पुढे ते सगळेच विसरले. कितीतरी वर्षं ही मूर्ती चुन्याची म्हणूनच ओळखली गेली. मग एकदा हलवताना पडली, लेपाचा कपचा उडाला आणि आतलं सोनं दिसलं.

आई बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिली. "इतकी वर्षां आत काय आसा ता कोणाकच कळाला नाय?" तिने विचारलं.

"वरून चुनाच दिसत होता ना," मी म्हटलं. माझं लक्ष तिच्या पिशवीच्या चेनकडे होतं. ती अर्धी उघडी होती, आणि पाकीटमारांबद्दल मी इंटरनेटवर बरंच वाचलं होतं.

दुसरं देऊळ निजलेल्या बुद्धाचं. चपला पिशवीत घालून ती पिशवी हातात धरून आत जायचं. मूर्ती एवढी लांब की डोक्यापाशी उभं राहिलं तर पाय दिसत नाहीत. गर्दी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी आईचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि ती म्हणत होती, "अगो, सोड, हात दुखता." बाहेर आल्यावर बाईंनी अर्धा तास मोकळा दिला. बरोबर अकरा वाजता मोठ्या दाराशी छत्रीखाली जमायचं.

मला बाथरूमला जायचं होतं. मी आईला एका झाडाखालच्या दगडी बाकावर बसवलं. इथून हलायचं नाही, कोणी काही विचारलं तर कार्ड दाखवायचं, असं दोनदा बजावलं. रांग लांब होती. परत आले तेव्हा बाक रिकामा होता.

मी आधी तिला हाक मारली नाही. हाक मारली तर ती हरवली हे खरं होईल, असं काहीतरी वाटलं. बाकाभोवती फिरले, झाडामागे बघितलं. मग धावले. त्या देवळात अंगणामागे अंगण आहे आणि सगळी अंगणं सारखी दिसतात. तशाच पांढऱ्या भिंती, तशीच रंगीत कौलं, दारांवर तेच दगडी पहारेकरी. पिस्ता रंग दिसला की मी वळायचे आणि ती कोणीतरी चिनी आजी निघायची. आईचा फोन हॉटेलवर चार्जिंगला होता. घड्याळात अकराला बारा मिनिटं होती. मग मात्र मी हाका मारायला लागले. दोन-तीन परकी माणसं थांबून माझ्याकडे बघायला लागली.

एका अंगणाच्या चारी बाजूंनी लांब पडव्या होत्या. पडवीत भिंतीला लागून ओळीने बसलेले बुद्ध, सगळे सोनेरी, सगळे एकसारखे. तिथे गर्दी नव्हती. कोपऱ्यावरून मला आवाज ऐकू आला. आवाज आईचा होता, पण बोलण्याचा सूर वडिलांचा होता. त्या सुराने मी जागच्या जागी थांबले.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. मालवणी घर असेल तर निराळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. काही शुभ असलं, काही संकट असलं, की घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहतो आणि मोठ्याने, समोर बसलेल्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं, देवाला घरातलं सगळं सांगतो. कोण आजारी, कोणाची परीक्षा, कोणाचं कोणाशी वाकडं. त्याचं एकेक वाक्य झालं की मागे उभे असलेले सगळे म्हणतात, 'होय म्हाराजा.' लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की डोक्याला त्रास द्यावा लागत नाही. मी तर गणपतीच्या दिवसांत डोळे मिटून, मोदकांचा विचार करत म्हटलेलं आहे. वडील होते तोवर ते घालायचे, ते गेल्यावर मोठे काका घालतात. बाई कधी घालत नाही. आईने तर कधीच नाही.

ती कोपऱ्यातल्या एका बुद्धापुढे उभी होती. डोक्यावरून ओढणी घेतली होती, हात जोडलेले होते. मी तिच्या मागे दहा पावलांवर होते. ती सापडली होती, आणि आधी तिला चांगलं फैलावर घ्यायचं, असं मी मनात ठरवत होते.

"बा देवा म्हाराजा," आई म्हणत होती, "तुझा नाव माका ठाऊक नाय. तू खयचो, तुका काय आवाडता, ता पण ठाऊक नाय. पण देव आसस, म्हणान तुझ्याफुडे उभी रवलंय." आणि जरा थांबून खालच्या आवाजात तिने स्वतःच म्हटलं, "होय म्हाराजा."

"हय माझी भाषा कोणाक कळणा नाय, म्हणान तुकाच सांगतंय. घराकडच्या देवाक सांगूक गेलंय तर सगळ्यांच्या कानार जायत." परत खालच्या आवाजात, "होय म्हाराजा."

"माझ्या डाव्या छातीत गाठ इली आसा. शिमग्यापासून आसा. कोणाक सांगूक नाय."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

माझ्या तोंडून निघून गेलं. वाक्य संपलं, सूर खाली आला, आणि जीभ आपोआप वळली. वाक्यात काय होतं ते डोक्यात शिरायच्या आधीच मी होय म्हणून मोकळी झाले होते.

आई वळली. मला बघून तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी तिच्या ओढणीकडे बघत होते, डाव्या बाजूला.

"पुरा ऐकलंस?"

मी मान हलवली.

"मगे थांब. गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नसता." आणि ती चक्क पुन्हा देवाकडे वळली. "ह्या माझ्या चेडवान पैसे साठवून माका हय आणल्यान. तेका सुखरूप घराक पोचव."

ती वाट बघत थांबली. मी कसंबसं म्हटलं, "होय म्हाराजा."

"माका काय जाला तर तेका धीर दी. ता लय भित्रा आसा."

ती पुन्हा थांबली. ह्या खेपेला माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मग तिनेच ते म्हटलं, डोक्यावरची ओढणी खाली घेतली, चपलांची पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल, ती छत्रीवाली बोंबलत आसतली."

पडवीतून चालताना मी हिशेब करत होते. शिमगा मार्चमध्ये होता. एप्रिल, मे, जून, मी बोटांवर मोजत होते आणि बोटं पुन्हा पुन्हा चुकत होती. आठ महिने. ह्या आठ महिन्यांत माझ्या शाखेतली एक बाई अशीच गाठ लागल्यावर बारा दिवसांत तपासण्या करून ऑपरेशनपर्यंत पोचली होती, आणि आम्ही तिला सगळ्या म्हणालो होतो, वेळेत कळलं हो, नशीब. मला आठवलं की आईने ब्लाउज काचतो म्हणून साड्या सोडल्या होत्या, आणि मी कौतुक करत फिरले होते. मला आठवलं की ती हल्ली उजव्या कुशीवरच झोपते. बसमध्ये पट्टा लावताना तो छातीपासून दूर धरून बसते. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं. गॅस मी रोज तीनदा बघत होते आणि आईकडे एकदाही बघितलं नव्हतं.

आणि त्या सगळ्याच्या वर ते 'होय'. होय म्हाराजा म्हणजे तसंच होवो. लग्न जमू दे, होय. पोर पास होऊ दे, होय. मी नेमकं गाठीच्या वाक्याला होय म्हटलं होतं. मी शिकलेली आहे, लोकांची कर्जं तपासते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरी ते 'होय' त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेलं नाही. ह्या देवाला मालवणी कळत नसेल तर बरं, असंही एकदा वाटलं.

तिथून आम्हाला नदी ओलांडून पलीकडच्या देवळात न्यायचं होतं. छोटी लाँच होती, पाणी गढूळ, लाटा चांगल्या होत्या. एरवी मी भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचमध्येही डोळे मिटून बसते. त्या दिवशी लाँच हलते आहे हे मला कळलंसुद्धा नाही. पासपोर्टची पिशवी माझ्या मांडीवर उघडी पडली होती आणि ती आईने बंद केली.

"आजच परत जाऊ," मी म्हटलं. आजूबाजूला आपलीच माणसं होती म्हणून कुजबुजत म्हटलं. "मी बाईंना सांगते. तिकिटं बदलून मिळतात."

"खुळी काय तू? दोन दिवस ऱ्हवलेत."

"सोमवारी मग. सोमवारी सकाळी डॉक्टरकडे जायचं."

"बघूया."

"बघूया नाही, आई."

ती नदीकडे बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टर काय सांगतलो ता माका ठाऊक आसा. परळाक जावा म्हणतलो. मी परळाक जायत नाय."

लालबाग, करी रोडच्या माणसाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. परळला ते मोठं हॉस्पिटल आहे. गावोगावचे पेशंट तिथे येतात, फुटपाथवर चादरी अंथरून राहतात, नाकात नळी घालून बसलेले असतात. तिथले डॉक्टर माणसं वाचवतात हे आम्हाला ठाऊक आहे, तिथून बरी होऊन आलेली माणसं आमच्याच इमारतीत आहेत. पण चाळीत कोणाबद्दल 'त्यांना परळला नेलं' असं म्हटलं की आवाज खाली यायचा, आणि ऐकणारा पुढे काही विचारायचा नाही. आईने त्या फुटपाथवर किती वर्षं डब्यांतून उरलेल्या ताज्या पोळ्या नेऊन वाटल्या होत्या. ती तिथे जायला कधी घाबरली नव्हती. पोळ्या घेऊन जाणं वेगळं होतं.

"तिथे गेलं की बरं होतं, आई. लवकर गेलं की बरं होतं."

"आठ महिने जाले," ती म्हणाली. हे तिलाही कळत होतं.

पलीकडचं देऊळ फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांनी सजवलेलं, उंच, आणि त्याच्या पायऱ्या जवळपास सरळ उभ्या. बाईंनी सांगितलं, साठीच्या वरच्यांनी खालीच बसा. आई बहात्तर वर्षांची. ती काही न बोलता चढायला लागली. मी तिला अडवायला पुढे झाले तर तिने नुसतं मागे वळून बघितलं, आणि मी हात खाली घेतला. कठडा धरून ती एकेक पायरी चढत गेली. डावा हात तिने अंगाशी धरला होता आणि उजव्याने कठडा. मी खाली उभी राहून मान वर करून बघत होते. ती पडेल ही भीती होती, पण खरी भीती ती नव्हती. ही बाई हट्टाने वर चढते आहे ती शेवटचं म्हणून चढते आहे का, हे मला वाटत होतं, आणि तसं वाटू नये म्हणून मी पायऱ्या मोजत होते. वरच्या कठड्याशी पोचल्यावर तिने मला हात केला. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय स्टॅमिना आहे हो तुमच्या आईचा! आम्हाला नाही जमायचं." मी हसले.

जेवायला वरणभात आणि बटाट्याची भाजी होती. आई व्यवस्थित जेवली. मला घास गिळवत नव्हता, तेव्हा तिने माझ्या ताटातली पोळी उचलून स्वतःच्या ताटात घेतली. अन्न टाकलेलं तिला चालत नाही.

दुपारी शेवटचं ठिकाण होतं. भर शहरात, मोठ्या चौकाच्या कोपऱ्यावर, चार तोंडांचा ब्रह्मदेव. आजूबाजूला मॉल, वरून रेल्वे, आणि मध्ये हा देव, उदबत्त्यांच्या धुरात. लोक झेंडूच्या माळा घालत होते, लाकडी हत्ती वाहत होते. नवस फेडायला आलेल्या एका कुटुंबासाठी मुकुट घातलेल्या बायका नाचत होत्या. आपल्या लोकांना हा देव ओळखीचा वाटला. सगळे माळा घ्यायला धावले. आई मात्र बाजूच्या कट्ट्यावर बसली. म्हणाली, "माझा सांगून जाला सकाळी. एक गोष्ट दोघांका सांगूची नाय, मगे हो म्हणता तो करीत, नि तो म्हणता हो करीत."

मग मी गेले. माळ घेतली, तीन उदबत्त्या घेतल्या आणि त्या देवाच्या एका तोंडापुढे उभी राहिले. मला फक्त सकाळचं ते 'होय' परत घ्यायचं होतं. पण ते कसं घ्यायचं? मी आयुष्यभर मागे उभी राहून होय म्हणत आले होते. पुढे उभं राहून काय बोलायचं असतं, सुरुवात कुठून करायची, हे मी कधी शिकलेच नव्हते. बा देवा म्हाराजा, एवढं मनात म्हटलं आणि पुढचं वाक्य येईना. 'आईला' म्हटलं की पुढचा शब्द कुठला येईल याचीच भीती वाटायची. मागून लोक ढकलत होते. उदबत्तीची राख माझ्या मनगटावर पडली, भाजलं, आणि मी माळ तशीच तिथल्या कठड्यावर ठेवून परत आले.

"काय मागलंस?" आईने विचारलं.

"काही नाही."

"बरा केलंस," ती म्हणाली.

परतीला बस रस्त्यात अडकली. पाच वाजले होते, बाहेर ऊन होतं आणि पुढे जिथवर दिसत होतं तिथवर गाड्याच गाड्या. बसमध्ये अर्धी माणसं झोपली होती. पुढच्या सीटवरच्या काकू त्यांच्या मुलीला फोनवर सोन्याच्या बुद्धाची गोष्ट सांगत होत्या. आम्ही अगदी मागे, आई खिडकीशी. मी फोनवर शोधत बसले होते, गाठ, आठ महिने, वय बहात्तर. येणारं प्रत्येक पान उघडायचे आणि दुसऱ्या ओळीला बंद करायचे. आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिमग्याक गावली तेव्हा लिंबाच्या बिये एवढी होती. आंघोळ करताना गावली."

मी तिच्याकडे वळले.

"तेच्यानंतर मी हात लावूक नाय."

"म्हणजे?"

"हात लावूक नाय म्हटलंय मां. साबण लावतंय तोय थय लावणंय नाय. आठ महिने जाले." ती खिडकीकडेच बघत होती. "माका भिया वाटता."

हे तीन शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मीटरच्या पेटीने पेट घेतला तेव्हा वर गेलेली बाई, आणि ती आठ महिने स्वतःच्या अंगाला हात लावायला घाबरत होती. ती रोज रात्री माझ्या बाजूच्या पलंगावर त्या भीतीसकट झोपत होती, आणि घाबरायचं काम आपलं आहे म्हणून मी निवांत होते.

तिने ओढणी पुढून पसरून घेतली, माझा हात धरला, आणि ओढणीखालून ड्रेसच्या गळ्यातून आत नेला. तिचा हात थंडगार होता. आजूबाजूला कोणाचं लक्ष नव्हतं. मी लहानपणी तिच्या कुशीत झोपायचे त्यानंतर मी तिथे कधी हात लावला नव्हता.

"बघ आता," ती म्हणाली. "वाढली काय ता सांग. खरा सांग."

मला ती शोधावी लागली नाही. बोटं टेकली आणि लागलीच. कडक होती, एका जागी रुतल्यासारखी, ढकलली तरी हलत नव्हती. अख्ख्या सुपारीएवढी असेल. वरची कातडी आत ओढली गेली होती, तेही बोटाला कळलं. बस एक फूट पुढे सरकली आणि परत थांबली. आईने डोळे मिटून घेतले होते. तिच्या ओठांवर घाम आला होता. मी काय म्हणते आहे ह्याची ती वाट बघत होती, आणि त्या एका उत्तरावर ती परळला येणार की नाही येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मगे आता जावन काय उपयोग.

"तेवढीच आहे," मी म्हटलं.

"लिंबाच्या बिये एवढी?"

"तेवढीच. जरासुद्धा वाढलेली नाही."

तिने डोळे उघडले. मोठा श्वास घेतला, आणि तो सोडताना तिचं सगळं अंग माझ्या हाताखाली सैल पडलं.

"तर मगे सोमवारी जाऊया परळाक," ती म्हणाली.

मी "हो" म्हटलं. हात मात्र मला लगेच काढता आला नाही.